पिकअपचं शेपूट
“आवं भावजी, वाटणीत गाडी मिळाली म्हणून तिला शेपूट लावताय व्हय!” वहिनी ओसरीवरून ओरडत होत्या आणि मी पिकअपखाली उताणा पडून चासीला भोकं पाडत होतो. तापल्या लोखंडाचा तो वास आजही नाकात आला की तोंड कडू होतं. वाटणीत पिकअप माझ्याकडं आली आणि चाकांवरचं भातमळणीचं यंत्र थोरल्या भावाकडं. ते ओढायला गाडीला हूक बसवला, तर चुली दोन झाल्या तरी सुगी एकच राहील, असं माझ्या डोक्यात. त्याच्याच यंत्राच्या कडीचं माप सुतळीनं घेतलेलं. ड्रिल मशीन अशी किंचाळली की आमच्या विंझरचे कावळे उडाले ते थेट भाटघर धरणाच्या भिंतीवर जाऊन बसले. नट तर असे आवळले की मागं तोरणा जोडला असता तरी मुकाट आला असता. सुगीला मी गाडी मागं घेतली, कडी हुकात खट्कन बसली. भावानं ती काढली. तो हूक अजून येताजाता माझीच नडगी फोडतो. त्यानं कडी काढली तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, “दादा, हूक कुणाच्या मापाचा हाय, बघ तरी.” तो म्हणाला, “यंत्राला मार्गासनीवरनं भाड्याचा ट्रॅक्टर सांगितलाय.”