दोन प्रश्नांत निदान

आमच्या नांदेडच्या मेडिकल कॉलेजात निदान शिकवायला मोबाईलवरचा एक खेळ आणला होता. पडद्यावर पेशंट येतो, त्याला प्रश्न विचारायचे आणि आजार ओळखायचा. त्यात सगळ्यांत पुढे असलेला पोरगा त्या दुपारी माझ्यासोबत ड्यूटीवर होता. लोहा तालुक्यातला एक शेतकरी उलट्या करत, पोट धरून आला. पोरानं त्याला दोनच प्रश्न विचारले आणि ऐटीत म्हणाला, "सर, गॅस्ट्रो. सलाईन लावू?"

मी पेशंटच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"काका, सकाळपासून काय करत होता?"

"सोयाबीनवर फवारणी करायलो होतो, डाक्टरसाब."

फवारणीचं विष अंगात भिनलं होतं! सिस्टरला हाक मारून आधी त्यावरचं इंजेक्शन दिलं. पेशंट जरा सावरल्यावर मी पोराकडे वळलो. डोकं फिरलं होतं माझं. "एवढं एक विचारायला तुझं काय जात होतं रे?"

तो म्हणाला, "सर, खेळात जास्त विचारलं की गुण कटतात ना."