कवळीवाल्या बाईंचा उलटा फेरा

दुसऱ्यांना दात बसवून देणाऱ्या बाईंना स्वतःचं तोंड आवरता येत नाही, अशी त्यांची ख्याती होती. दातांच्या डॉक्टरांकडून रुग्णांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतायचं, साचा निघाला की गुलाबी मेणात एकेक दात उभा करायचा, वरची रांग खालच्या रांगेवर नीट टेकते का ते बघायचं, हे बाईंचं काम. नवरा गेला तेव्हा मुलगी दुसरीत होती. तेव्हापासून घर या कवळ्यांवरच चाललं. लॅबमध्ये खिडकीपाशी त्यांचं टेबल. त्यावर छोटा बर्नर, मेणाच्या सुऱ्या आणि ओळीने मांडलेली, चेहऱ्यावाचूनची हसू.

"आठवडाभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकं घालून बसते," बाई म्हणायच्या, "रविवारी माझं उघडणारच."

रविवारी दुपारी शिंपीकाकांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं. मग वाकून आत शिरायचं. आत काका, गणिताचे निवृत्त मास्तर आणि बाई. त्या आठवड्यात पाहिलेल्या सिनेमाची तिथे चिरफाड व्हायची. बाईंची मुलगी कापडाच्या गठ्ठ्यावर मांडी घालून ऐकत बसायची. आता कॉलेजात गेली तरी तिची ती जागा सुटली नव्हती.

त्यांची एक रीत होती. पहिला सुलटा फेरा, म्हणजे ज्याला जे वाटलं ते त्याने खरंखरं सांगायचं. मग चहा. चहानंतर उलटा फेरा. ज्याला सिनेमा आवडला त्याने त्याची सालटी काढायची, ज्याला आवडला नाही त्याने त्याचे गोडवे गायचे, आणि तेही जीव तोडून. जो मध्येच हसेल त्याने कप विसळायचे. बाईंनी कप कधी विसळले नाहीत.

त्या रविवारी विषय होता मोठ्या हिरोचा नवा सिनेमा. हरवलेल्या मुलीला शोधत बाप गावोगावच्या बस डेपोंत राहतो, अशी गोष्ट. बाई या हिरोवर कॉलेजपासून जीव टाकायच्या.

"तो बाकावर मुलीची चप्पल उशाला घेऊन झोपतो ना," सुलट्या फेऱ्यात बाई म्हणाल्या, "तिथे मी संपले. शेजारच्या अनोळखी बाईने मला रुमाल दिला."

"बाप मुलीला शोधतोय की दिग्दर्शक गोष्टीला, हेच मला कळेना," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्हाला हुंदक्याचंही उत्तर काढून हवं," काका म्हणाले.

चहा झाला. उलटा फेरा सुरू झाला आणि बाई उठून उभ्या राहिल्या.

"अहो, याला रडणं म्हणतात? आमच्या मोरीचा नळ याच्यापेक्षा भावनेने गळतो! आणि ते दात! मी कवळ्या बनवते, मला विचारा. मुलगी हरवलेल्या बापाचे दात असे चमकतात? दिवसभर मुलगी शोधतो आणि रात्री दात घासतो वाटतं! वय झालंय त्याचं, पाठवून द्या माझ्याकडे. माप घेते, कवळी देते. निदान तोंड मिटून तरी बसेल!"

मास्तरांना ठसका लागला. काकांच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. मुलगी फोन धरून हे सगळं टिपत होती. आपली आई काय बोलते, ते मैत्रिणींनाही ऐकू दे, एवढाच तिचा हेतू. पूर्ण चर्चा कोण ऐकतंय म्हणून तिने शेवटचा तुकडा तेवढा ठेवला आणि संध्याकाळी फोनवरून जगाच्या हवाली केला. हा उलटा फेरा आहे, असं त्या तुकड्यात कुणीच म्हणत नव्हतं. म्हणणार कशाला? खोलीतल्या चौघांनाही ते ठाऊक होतं.

आधी मजा आली. लोक हसले, त्यांनी पुढे पाठवलं. मग हसणाऱ्यांच्या खाली दुसरे लोक येऊ लागले. 'म्हातारीचेच दात पाडा.' 'दुकान कुठलं आहे, कुणी ओळखतं का?' कुणीतरी ओळखलं. मागच्या भिंतीवर काकांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. मुलीने घाईघाईने तो तुकडा काढून टाकला, पण तोवर तो शंभर घरांत राहायला गेला होता.

बुधवारी काकांच्या शटरवर डांबर ओतलेलं सापडलं. काका रॉकेलची चिंधी घेऊन घासत होते. बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, रंग द्यायचाच होता," काका म्हणाले. पण हे म्हणताना त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहून घेतलं.

मास्तर बाईंना घेऊन पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने तो तुकडा आधीच पाहिला होता. तो पुन्हा पाहून हसला आणि म्हणाला, "तुम्हाला कुणी हात लावला का? नाही ना? मग कशाला उगाच वाढवता?"

लॅबच्या मालकांनी बाईंचं टेबल खिडकीपासून हलवून आतल्या खोलीत नेलं. "थोडे दिवस, बाई," ते म्हणाले. आतल्या खोलीत उजेड कमी. मेणात दात बसवताना प्रथमच वरची रांग खालच्या रांगेवर टेकेना.

तिथेच शुक्रवारी एक मुलगा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर नीट विंचरलेले केस. बाईंच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. हातात रुमालात गुंडाळलेली मोडकी कवळी.

"आजोबांची आहे, मावशी. दुरुस्त होईल ना?"

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. भेग सरळ मधोमध होती. पडून मोडलेली कवळी अशी मोडत नाही, कुणीतरी ती दोन्ही हातांनी धरून मोडली होती.

"होईल," त्या म्हणाल्या.

"तुमचं ऐकलं आम्ही. फार हसवता तुम्ही." तो स्टूल ओढून बसला. "पण आमच्या साहेबांबद्दल असं बोलायला नको होतं. आम्ही सगळी त्यांची मुलंच."

"अहो दादा, मला तो सिनेमा आवडला! मी रडले त्यात. तो आमचा उलटा फेरा होता. आवडलेल्याला वाईट म्हणायचं, असा खेळ आहे आमचा."

तो शांतपणे ऐकत राहिला. "म्हणजे साहेब आवडतात म्हणून तुम्ही त्यांचे दात काढले?"

"हो. म्हणजे तसं नाही..."

"मावशी, हे मला समजलं तरी बाहेरच्या पोरांना कसं समजावू? ती तापलेली आहेत. मी एकटा कुणाकुणाला आवरू?" तो उठला. "आवडलाय ना? मग तेवढंच बोला. तसा व्हिडिओ उद्यापर्यंत टाका. ताई निळी स्कूटर चालवते ना? छान चालवते. वळणावर मात्र जरा वेग कमी करायला सांगा."

तो गेला. बर्नर तसाच जळत होता. बाईंनी मुलीला फोन लावला. ती वर्गात होती, उचलणार कशी? त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा लावला. डोळ्यांसमोर एकच चित्र: ते वळण आणि रस्त्यावर एक चप्पल. मुलीने परत फोन केला तेव्हा बाईंच्या तोंडून एवढंच निघालं, "तिथेच थांब. स्कूटर राहू दे. मी येते घ्यायला."

शनिवारी काकांच्या दुकानात चौघं जमली. चहा कुणी मागितला नाही. मुलीने फोन धरला. तिचे डोळे सुजलेले होते.

"आई, बोल. जे खरं वाटलं तेच सांगायचंय तुला."

"नमस्कार," बाई म्हणाल्या. "मला हा सिनेमा फार आवडला. बाप बाकावर झोपतो, तेव्हा मला रडू आलं. आमच्या हिरोंनी फार सुंदर काम केलंय."

त्या थांबल्या. काकांनी मान खाली घातली. मास्तर भिंतीकडे बघू लागले.

"खोटं वाटतंय," मुलगी हळूच म्हणाली.

"खोटं कसं? खरंच आहे ते!"

"माहितेय गं. पण तू पाठ केल्यासारखं बोलतेस. जरा हसून बोल."

बाई हसून बोलल्या. ते पहिल्याहून वाईट झालं. मग त्यांनी चपलेचा प्रसंग सांगितला, शेजारच्या बाईचा रुमाल सांगितला. सगळं शब्दाला शब्द खरं होतं आणि एकही शब्द जागेवर बसत नव्हता.

"बाई, राहू द्या," काका शेवटी म्हणाले. "त्यांना कुठे खरं हवंय? आहे तेच पाठवा."

पाठवलं. रात्र होण्याआधी त्या मुलाचा निरोप आला. 'थँक्यू मावशी. पोरं खूश आहेत.' बाईंनी देवघराकडे न बघताच हात जोडले. मुलीने स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोठा श्वास सोडला.

"सुटलो गं आई," ती म्हणाली.

रविवारी बाई दुकानात गेल्या नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. काका एकदा आपणहून घरी आले, सिनेमाची अब्रू काढायला कुणीच उरलं नाही, अशी मास्तरांची तक्रार आहे, असं म्हणाले. बाई हसल्या आणि त्यांना घाईघाईने दारापर्यंत सोडून आल्या. दार लावताना त्यांनी जिन्यात कुणी उभं आहे का, ते वाकून पाहिलं.

महिना सरता सरता त्या मुलाचा पुन्हा निरोप आला. 'साहेबांचा पुढचा सिनेमा शुक्रवारी येतोय. पहिल्या खेळाची दोन तिकिटं तुमच्यासाठी ठेवलीत, मावशी. ताईला घेऊन या. बाहेर आलात की आमच्या कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोला. लोकांना तुमचं मत ऐकायचंय.'

मुलीने तो दोनदा वाचला. "नाही म्हणायचं ना?"

बाई कपाटासमोर उभ्या होत्या. शुक्रवारी नेसायची साडी त्यांनी बाहेर काढली, झटकली आणि पलंगावर ठेवली.

"जायचं," त्या म्हणाल्या. "चांगला आहे सिनेमा."

"आई, अजून आलेला नाही तो."

"चांगलाच आहे," बाई म्हणाल्या, "आणि तू पण तेच म्हणायचं."