साडूच्या तोंडून

सुताराला साडूचं सगळंच खुपायचं. दोघी बहिणींचे हे दोन नवरे पोटासाठी एकदमच या परक्या मुलखात आले आणि एकाच घरात वर-खाली राहू लागले. साडूच्या जिभेवर इथली भाषा बघता बघता बसली. सुताराची गाडी नमस्कार आणि आभार यांपुढे सरकेना. आपल्याकडची माणसं कागद वाचून घ्यायला साडूकडे जात. जिना वाजला, की खाली सुताराचा जळफळाट होई.

फर्निचरच्या कारखान्यात करवतीनं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. भरपाईच्या अर्जाचं उत्तर आलं, तेव्हा बायको म्हणाली, "वर जाऊन दाखवून या."

"मला काय डोळे नाहीत?"

कागदावर ठसठशीत शिक्का होता. गावाकडे शिक्का बसला म्हणजे काम झालं. त्यानं कारखानाभर 'मंजूर' म्हणून सांगितलं. शिक्का नकाराचा होता. ते कळेपर्यंत अपिलाची मुदत उलटून गेली.

आता हा उशीर माफ करायचा की नाही, ते न्यायालय ठरवणार होतं. माफ झाला तरच बोटांची दाद लागणार, नाहीतर विषय संपला. आणि नेमका दुभाषा आजारी. दोन्ही वकिलांना विचारून न्यायाधीशबाईंनी सोबत आलेल्या साडूलाच उभं केलं. सुताराच्या अंगाची लाही लाही झाली.

"त्या विचारताहेत," साडू म्हणाला, "घरात वाचणारं कुणी नव्हतं का?"

खोटं बोलावं, तर तेही याच्याच तोंडून जाणार.

"होतं. तू."

"मग विचारलं का नाही?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून. सांग त्यांना."

साडूचे कान लाल झाले, तरी त्यानं सांगितलं. बाईंनी त्यालाच काहीतरी विचारलं. तो मान खाली घालून बराच वेळ बोलला. सुताराला एक अक्षर कळलं नाही. किती सफाईनं बोलतो मेला, एवढंच मनात आलं.

उशीर माफ झाला.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "एवढं काय सांगत होतास?"

"तुम्ही मंजूर म्हणालात तेव्हाच मला शंका आली होती, दादा. खाली येऊन विचारायला हवं होतं. नाही आलो. मला साधी खुंटी ठोकता येत नाही. तुमचा हात बघून मीही जळत आलोय."

सुताराला राग यायला हवा होता. पण तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हेवा करावा असं आपल्याकडेही काहीतरी होतं, हे त्याला बोटं गेल्यावर कळत होतं.