उगाच आपलं, एकदा बघून या

साऱ्या पिंपरी-चिंचवडची काळजी करायला सरकारने एखादं पद काढलं असतं, तर ते माझ्या थोरल्या साडूंना अर्ज न करता मिळालं असतं, आणि मिळाल्यावर ते जाईल या धास्तीने त्यांची झोप उडाली असती. संत तुकाराम नगरात आमच्या समोरच्याच इमारतीत ते राहतात. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का हे स्वतः बघतात, कुलूप लावतात, जिना उतरतात आणि निम्म्यात थांबून बायकोला पुन्हा वर पाठवतात, ‘उगाच आपलं, एकदा बघून ये.’ त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची माई. ती मुकाट्याने वर जाते. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ मांडवाचा खांब हलतो का ते ढकलून बघत होते. इतका ढकलला की तो शेवटी हलला, आणि पुढचं सगळं लग्न दोन धिप्पाड पाहुण्यांनी तो खांब धरून पाहिलं.

चाकणच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी क्वालिटीत काढली. तिथला नियम सोपा होता, मालाबद्दल शंका आली की लाल चिठ्ठी लावायची आणि तो बाजूला काढायचा. असा नियम असल्या माणसाच्या हाती पडल्यावर काय व्हायचं? त्यांच्या हातून वाईट माल कधी बाहेर गेला नाही, चांगलाही फारसा गेला नाही, असं त्यांचे जुने सोबती सांगतात. अशा माणसाने निवृत्तीला अवकाश असताना नोकरी सोडली आणि जाहीर केलं की आपण कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून मासे पाळणार. आयुष्यात घेतलेला हा एवढा एकच धाडसी निर्णय, आणि तोही काळजीपोटीच. गावाकडे एका मित्राच्या तळ्यातले सगळे मासे पाण्यातली हवा कमी पडून मेले होते. ‘बघायला कुणी असतं तर वाचले असते हो,’ एवढंच ते कितीतरी दिवस म्हणत राहिले.

चाकणजवळ नानांच्या जागेवर त्यांनी शेड टाकली. नाना तिथले जुने शेतकरी, आजूबाजूच्या जमिनीवर कारखाने उठले, एवढा तुकडा त्यांनी राखला होता. शेडमध्ये मोठमोठ्या टाक्या, टाक्यांत चिलापी जातीचे मासे आणि त्यांच्यावर नजर ठेवायला पाण्यात कॅमेरे. मासा कसा पोहतो यावरून तो बरा आहे की आजारी हे यंत्राने ओळखायचं आणि फोनवर कळवायचं. त्यासाठी यंत्राला आधी ढीगभर फोटो दाखवून शिकवावं लागतं, हा बरा, हा आजारी. हाताखाली दोन हुशार इंजिनिअर होते, पण हे काम साडूंनी कुणाला करू दिलं नाही. मासा जरा तिरका दिसला, लाल. घोळक्यातून बाजूला पडला, लाल. कॅमेऱ्याकडे बघत असला, तर ‘याला काहीतरी सांगायचंय’ म्हणून लाल. यंत्र चांगलं शिकलं, पण शिकून हुबेहूब साडूंसारखं झालं.

धोक्याच्या संदेशाचा मजकूरही त्यांचाच, ‘मासे अस्वस्थ वाटतात. उगाच आपलं, एकदा बघून या.’ तो आम्हा सगळ्या नातेवाइकांना जायचा, कारण एखाद्याच्या फोनची बॅटरी संपली तर? जेवताना, बँकेत, एकदा तर स्मशानातसुद्धा तो आला आणि चार-पाच खिसे एकदमच थरथरले. नाना एकदा वैतागून म्हणाले, ‘पावणं, मासं पवत्यात. मासं आनि दुसरं काय करनार?’

‘पण कसे पोहतायत ते बघा ना, नाना,’ साडू काकुळतीला येऊन म्हणाले. मग दोघंही टाकीवर वाकून बराच वेळ बघत राहिले. साडूंच्या एकाही टाकीतले मासे कधी दगावले नाहीत हे खरं आहे, यंत्रामुळे की या वाकून बघण्यामुळे ते मला सांगता येणार नाही. पण मासे पाळणाऱ्या ज्या तळेवाल्यांनी त्यांच्याकडून ते यंत्र हौसेने विकत नेलं, त्यांनी ते आठवडाभरात परत आणून दिलं. ‘याच्यापायी माझं बीपी वाढलं, राव,’ एक जण म्हणाला.

बीपी खरं वाढलं ते साडूंचं. हृदयाचं ऑपरेशन करावं लागेल असं ठरलं आणि डॉक्टरांनी गुरुवार दिला. गुरुवारी आमच्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, तेव्हा टाक्यांत हवा सोडणारे पंप जनरेटरवर चालवावे लागतात. ‘गुरुवार सोडून कुठलाही वार द्या,’ साडूंनी विनवलं. डॉक्टरांना वाटलं उपास असेल. म्हणाले, ‘नाहीतरी उपाशीच ठेवणार आहोत तुम्हाला.’

स्ट्रेचरवरून नेताना साडूंनी माझा हात धरला. आता तरी हा माणूस स्वतःबद्दल काही बोलेल असं मला वाटलं. ‘पाहुणे,’ ते म्हणाले, ‘संदेश आला तर आजच्या दिवस हसू नका.’ त्यांचा हात गार पडला होता आणि मला फार भीती वाटली.

आत नेऊन थोडाच वेळ झाला असेल, फोन थरथरला. मासे अस्वस्थ वाटतात. मी नानांना फोन लावला.

‘जनरेटर कवाच लावलाय,’ नाना म्हणाले. ‘मासं झ्याक हायती. तुमी आपल्या मानसाकडं बघा.’

पुन्हा तोच संदेश आला, मग आणखी एकदा. माई समोर बाकावर हात जोडून बसली होती. मी उठलो आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशी गेलो.

‘काका, आत्ताच तर विचारून गेलात,’ सिस्टर म्हणाल्या.

‘हो,’ मी म्हणालो. ‘उगाच आपलं.’

ऑपरेशन नीट झालं. आता त्यांना काळजी करायची मनाई आहे. इंजिनिअरांनी यंत्राला नव्याने शिकवलं, या खेपेला फोटो माईने निवडले, आणि ते पुन्हा नेलेले तळेवाले खूश आहेत. जुनं यंत्र एका टाकीवर अजून चालू आहे, त्याचे संदेश फक्त मला येतात. ते बंद करू का म्हणून इंजिनिअरांनी विचारलं, तेव्हा मी नको म्हणालो.

फोन थरथरला की मी चपला घालतो आणि समोरच्या इमारतीत जातो. साडू खुर्चीत डोळे मिटून पडलेले असतात. पूर्वी मी आत पाऊल टाकलं की ‘घराला कुलूप नीट लावलंत ना?’ असं विचारायचे, आता विचारत नाहीत, आणि त्यांनी ते विचारावं असं मला फार वाटतं. त्यांच्या छातीवर वर्तमानपत्र असतं. ते हलताना दिसेपर्यंत मी दारात उभा राहतो. मग जिना उतरायला लागतो, आणि निम्म्यात थांबून पुन्हा एकदा वर जातो.