दोन ठोके

बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात म्हणे. आमच्या मिस्त्रींना हे कुणी सांगितलं नसावं. ते इतकं हळू बोलत की समोरच्याला वाटावं, आपलेच कान गेले. झाशीच्या रेल्वे कारखान्यात, बॉयलर शॉपमध्ये, रिव्हेटं ठोकण्यात त्यांची उमर गेली होती. उजवा कान पार गेलेला, डाव्यात थोडी धुगधुगी. आपला आवाज किती वर चढला ते आपल्याला कळत नाही, उगाच कुणाच्या अंगावर ओरडलो तर बरं दिसणार नाही, या धाकानं ते जन्मभर कुजबुजत राहिले. त्या लोखंडी कल्लोळात साहेबसुद्धा टोपी काढून त्यांच्या तोंडाशी कान न्यायचा.

त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेले शिपाई, माझे कारकून. त्यामुळे ते मला 'पंत' म्हणत. मी टाइम ऑफिसात हजेरी लिहायचो आणि त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान होतो. घरात मराठी, दाराबाहेर पडलं की हिंदी, अशी आमची झाशीकरांची रीत. मिस्त्रींच्या मराठीची तर फाळणीच झालेली होती. "अरे भैया, जरा दम तर धर," हे वाक्य ते मराठीच समजत.

त्यांचं कसब असं. इंजिनाच्या बॉयलरचे दोन पत्रे एकमेकांना धरून ठेवायला शेकडो लोखंडी दांडे असतात, त्यांना स्टे म्हणतात. एखादा आतून तुटला असेल तर बाहेरून दिसत नाही. बारक्या हातोडीनं ठोका द्यायचा आणि आवाजावरून ओळखायचं. मिस्त्रींना आवाज कुठला ऐकू यायला! ते ठोका मनगटात झेलत, मग नाक लावून पत्र्यावरची गंजाची बारीक रेघ बघत आणि तुटक्या स्टेवर खडूनं फुली मारत. त्यांची फुली कधी चुकली नाही. "लोखंड खोटं बोलत नाही, पंत," ते म्हणत, "ऐकणारा बोलतो."

रविवारी सकाळी आम्ही छावणीतल्या रस्त्यांवर फिरायला जायचो. तिथं शुकशुकाट असे, म्हणून त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन बोललं तर पोचायचं. त्यातही माझाच आवाज त्यांना नीट लागे. का, देव जाणे. डॉक्टरकडे जायचं असो, सुशीच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, सोयरिकीची बोलणी असोत, ते मला सोबत नेत. ओळख करून देताना म्हणत, "हे पंत. माझे कान." मिस्त्रीण गेल्यावर तर माझ्याशिवाय त्यांचं पान हलेना. आणि मी? मी मनातून फुगायचो. खोटं कशाला सांगू, त्या दोन शब्दांइतका मान मला पुढे कुणी दिला नाही.

त्यांना एकच नाद होता, शिकारीचा. तेव्हा जंगल खात्याचं परमिट काढून सांबर मारता येत असे. होळी झाली की बाकीचे शिकारी बंदुकांना तेल लावून ठेवून देत, कारण जंगल वाळलेलं असतं आणि पाऊल टाकलं की पानं पापडासारखी मोडतात. मिस्त्री नेमके तेव्हा निघत. म्हणत, "पानं सांबराच्या पायाखालीही वाजतात की नाही? आपण एका जागी बसू. चालू दे त्याला." शिवाय ते थोड्याच दिवसांचं असे. एकदा नराची शिंगं गळाली की त्याला मारायचं नाही, हा सरकारचाही नियम आणि त्यांचाही.

आता बहिरा माणूस शिकार करणार कशी? तर मला मागे बसवून. माझा हात त्यांच्या उजव्या खांद्यावर. एक ठोका म्हणजे काहीतरी आहे, सावध राहा. सदरा मागे ओढला म्हणजे माणूस आहे, बंदूक खाली. आणि दोन ठोके म्हणजे सांबरच. "दोन ठोके म्हणजे गीतेवर हात ठेवणं आहे, पंत," हे त्यांनी मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं. "पहाटे डोळ्याला प्रत्येक झुडूप सांबर दिसतं. तेव्हा मी तुझ्या हातावर घोडा ओढणार. समजलं?" समजलं, म्हटलं.

घरी मी शिकारीचं नाव काढत नसे. आमच्याकडे कांदाही चातुर्मासात घरात येत नसे, तिथं सांबर कुठलं! चिरगावला मित्राकडे जातो म्हणून सांगायचो. मिस्त्रींना ते आवडायचं नाही. "खोटं बोलून जंगलात येऊ नये," ते म्हणत. मी हसण्यावारी न्यायचो.

तीन वर्षं आम्ही हात हलवत परतलो. चौथ्या वर्षी परमिटची मुदत संपायला तीन दिवस असताना पॅसेंजरनं ललितपूरच्या पुढच्या एका लहानशा स्टेशनावर उतरलो आणि बेतवा नदीकडच्या जंगलात शिरलो. पहिले दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या पहाटे एका नाल्याच्या काठी, खडकाआड बसलो. समोर चाळीसेक पावलांवर एक मोठा मोह होता. मोहाची फुलं गळायचे दिवस. सांबर ती फुलं खायला येतं. गावच्या बायकाही फुलं वेचायला येतात, पण उजाडल्यावर, आणि गाव तिथून दीड कोस लांब, असा आमचा हिशेब.

दिसू लागायच्या आधीच झाडाखाली पानं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. मी एक ठोका दिला. मिस्त्रींची पाठ ताठ झाली. अंधुक उजेडात काहीतरी काळसर, वाकलेलं, सावकाश सरकत होतं. सांबर चरतानाही असंच थांबत थांबत वाजतं. माणूसही तसाच वाजतो. मी कान देऊन ऐकत राहिलो, आणि मला काही ठरवता येईना. खरं सांगायचं तर ठरवायला मी थांबलोच नाही. शेवटची सकाळ, चार वर्षांची वाट, आणि झाशीला परतताना ते म्हणणार, "पंतांनी ऐकलं म्हणून मिळालं." मला ते सांबर हवं होतं. मी दोन ठोके दिले.

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. बंदूक खांद्याला गेली. आणि त्याच वेळी झाडाखालून तान्हं मूल रडलं.

ते मला ऐकू आलं. त्यांना येणं शक्यच नव्हतं. मी ओरडलो, तेही फुकटच. मग अंगच टाकलं त्यांच्यावर आणि नळी वर ढकलली. बार उडाला तो मोहाच्या शेंड्यात. फुलं पटापट खाली पडली. बाई किंचाळली, पण मिस्त्रींना फक्त एवढंच दिसलं की त्या काळ्या आकाराला दोन हात फुटले आणि एक बाई उभी राहिली, पोटाशी मूल घेऊन.

मिस्त्रींनी बंदूक जमिनीवर ठेवली, नाला ओलांडला, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या पायांशी ठेवली. मी मागोमाग गेलो. "हम तो मउआ बीन रए हते, भैया," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मिस्त्रींनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणते?" मी कानाशी जाऊन सांगितलं, मोहाची फुलं वेचत होते म्हणते. त्यांनी मान हलवली आणि तिथंच उकिडवे बसले. बारामुळे गळलेली, आधीची गळलेली, सगळी फुलं एकेक वेचून तिच्या टोपलीत टाकायला लागले. उन्हं वर आली तरी उठले नाहीत. टोपली शिगोशीग भरली तेव्हा बाई थोडी सावरली आणि मुलाला पदराखाली घेऊन निघून गेली.

मग त्यांनी मला विचारलं, "दोन ठोके दिलेस. काय ऐकलं होतंस?"

"काही नाही ऐकलं, चुकलो," एवढे चार शब्द पुरे होते. मी म्हणालो, "खूर. नाल्यातल्या दगडावर खूर वाजला, स्पष्ट. सांबर झाडामागूनच गेलं असणार."

ते नाल्यात उतरले. दगडांच्या मधल्या ओल्या मातीत वाकून वाकून ठसे शोधू लागले. त्या माणसाला वाळक्या गवतावरचा माग दिसायचा. बराच वेळ शोधलं. एकदा थांबून डोळे चोळले, पुन्हा शोधलं. वर आले आणि बंदूक उचलून स्टेशनाकडे चालू लागले. गाडीत खिडकीकडे तोंड करून इतकंच म्हणाले, "तुझी चूक नाही, पंत. तू ऐकलंस ते सांगितलंस."

त्या आठवड्यात त्यांनी बंदूक कोतवालीत जमा केली. पुढच्या महिन्यात रेल्वेच्या दवाखान्यात जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, नजर उत्तम आहे. मिस्त्रींचा विश्वास बसला नाही. त्यांनी साहेबाला सांगून स्टे तपासण्याचं काम सोडलं आणि पत्रे कापण्याच्या कामावर गेले. कारखान्यात सगळे हळहळले. कुणी कारण विचारलं तर ते पुटपुटत, "नजर भरवशाची नाही राहिली." मला वाटायचं, धसका घेतलाय, होईल कमी. लबाडाला सगळं सोईचंच वाटतं.

आणि त्यांनी एक पाटी घेतली. पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची. फुल्या मारायचा खडू आता तिच्यासाठी खिशात असे. ज्याला काही सांगायचं असेल त्यानं पाटीवर लिहायचं. मीसुद्धा. छावणीतलं फिरणं सुटलं नाही, पण कानाशी तोंड न्यायला गेलो की ते हसून पाटी पुढे करत. "नको रे. उसने कान पुरे झाले. तू खरं ऐकलंस तरी बाई मेली असती." रागाचा लवलेश नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सहा वर्षं मी त्या पाटीवर पावसापाण्याच्या, बढत्यांच्या, सुशीला मुलगा झाल्याच्या बातम्या लिहिल्या. जे लिहायचं ते लिहिलं नाही. 'हे पंत, माझे कान' हे ते पुन्हा कुणालाही म्हणाले नाहीत.

मग ते निवृत्त झाले. सुशीनं नागपूरला बोलावून घेतलं. झाशीचं बिऱ्हाड मोडलं, एक ट्रंक आणि एक वळकटी उरली. पोचवायला मी एकटाच गेलो होतो. प्लॅटफॉर्मवर नेहमीचीच धांदल. एक इंजिन भसाभसा वाफ सोडत उभं होतं. गाडीला अवकाश होता. ट्रंकेवर बसून ते माझ्याकडे बघत होते, आणि मला कळून चुकलं की आता नाही तर मग चितेवरच.

मी त्यांच्या हातातली पाटी घेतली. लिहिलं, 'त्या दिवशी खूर वाजला नव्हता. मी अंदाजानं ठोके दिले, आणि नंतर खोटं बोललो.' आणि पाटी त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी ती हातात घेतली. एकदा वाचलं. बोट फिरवत पुन्हा वाचलं. मग उभे राहिले आणि ओरडले, "गाढवा! सहा वर्षं!"

त्यांचा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. वाफेच्या आवाजावरून तो पलीकडच्या प्लॅटफॉर्मपर्यंत गेला. हमाल थबकले, एक बाई मुलाला घेऊन बाजूला झाली. मी मान खाली घालून उभा राहिलो. मारलं असतं तरी हूं की चूं केलं नसतं.

ते पुन्हा ट्रंकेवर बसले. त्यांचे ओठ हलले. मी वाकून कान जवळ नेला.

"म्हणजे डोळे शाबूत होते माझे," ते म्हणत होते. "मी म्हणायचो, खूर वाजला म्हणतो आणि मातीत ठसा कसा नाही? पंत तर खोटं बोलणार नाही. मग मला दिसेनासं झालं असणार. आज ठसा दिसत नाही, उद्या तुटका स्टे दिसणार नाही आणि कुणाचं इंजिन उडेल. म्हणून सोडलं रे." मग म्हणाले, "ठसा नव्हताच."

मला रडू आवरेना. माझ्या खोट्यानं त्यांची बंदूक गेली एवढंच मी धरून चाललो होतो. त्यांचं कसब मी नेलं होतं, आणि तेही त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातानं काढून दिलं होतं. माफी मागायला मी पाटी उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली, धोतराच्या सोग्यानं स्वच्छ पुसली आणि वळकटीत खोचली.

मग ते उठले. रुळांकडे पाठ करून, माझ्यासमोर पाठमोरे उभे राहिले. माझा हात धरून त्यांनी स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला.

"कान लाव," ते म्हणाले. "गाडी आली की सांग."

लांबून शिट्टी झाली. सगळा प्लॅटफॉर्म उठला, बोचकी डोक्यावर गेली, "आ गई, आ गई" असा गलका झाला. मी एक ठोका दिला आणि ऐकत राहिलो. शिट्टी मालगाडीची होती. ती मधल्या रुळांवरून खडखडत निघून गेली आणि लोक पुन्हा बसले. मिस्त्री जागचे हलले नाहीत. पुन्हा शिट्टी झाली. मी तरीही थांबलो. सिग्नल पडल्याचा खटका ऐकला, रूळ वाजू लागले ते ऐकलं, इंजिनाचा धापा टाकण्याचा आवाज आमच्याच प्लॅटफॉर्मकडे वळला तो ऐकला. आजूबाजूला रेटारेटी सुरू झाली होती, कुणीतरी आम्हाला धक्का देऊन गेलं. एवढं होऊनही त्या माणसानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुरती खात्री झाल्यावर मी त्यांच्या खांद्यावर दोन ठोके दिले, आणि त्यांनी न बघताच ट्रंक उचलली.