नख अडकतं तिथं

मला ड्रॉइंग ज्यांनी शिकवलं, त्यांना माझं एकही ड्रॉइंग दिसलेलं नाही. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई कोडं घालतेय. कोडं-बिडं काही नाही. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आमच्या मामांची नजर शुगरनं नेली. दारातून येणारा उजेड त्यांना कळतो, समोर माणूस उभं आहे एवढं कळतं, पण ते माणूस हसतंय की रडतंय हे कळत नाही.

अंबडच्या एमआयडीसीत आमचा एक गाळा आहे. लोखंड कातायचे दोन जुने लेथ, एक ड्रिल मशीन आणि कोपऱ्यात एक टेबल. मामा मूळचे सायखेड्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि पुढं हिंमत करून त्यांनी स्वतःचा गाळा घेतला. द्राक्षबागेत औषध फवारायला ट्रॅक्टरमागं ब्लोअर जोडतात, त्याचे पार्ट आम्ही करतो. गिऱ्हाईक पिशवीतून मोडका पार्ट आणतं, टेबलावर आदळतं आणि म्हणतं, "असाच्या असा करून द्या." त्या मोडक्या पार्टला म्हणायचं नमुना. मामांनी उभा जन्म नमुना बघून पार्ट काढले. कागद नाही, पेन्सिल नाही. सगळं डोक्यात आणि अंगठ्यात.

नजर गेली आणि लेथ थांबले. माझे मिस्टर पार्ट बाहेरून, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर करून आणायला लागले. तिथली पोरं पहिलाच प्रश्न विचारायची, "ड्रॉइंग कुठंय?" आता ड्रॉइंग आमच्याकडं कधी होतं? एक ड्रॉइंग काढणारा मुलगा चार दिवस आला आणि पुण्याला नोकरी लागली म्हणून निघून गेला. शेवटी मिस्टरांनी एक पत्र्याची पाटी रंगवून आणली, 'गाळा भाड्याने देणे आहे', आणि शटरमागं भिंतीकडं तोंड करून उभी ठेवली.

"दसऱ्यापर्यंत बघू," ते म्हणाले. "छाटणीच्या आधी सगळ्यांचे ब्लोअर बाहेर निघतात. तो सीझनही असाच गेला तर मी नोकरी धरतो."

मामा दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मग विचारलं, "आन् मंग म्या दिवसभर कुठं बसू?"

नजर गेली तरी हा माणूस रोज सकाळी घरून कुणाचा तरी हात धरून चालत, नाहीतर रिक्षानं गाळ्यावर यायचा, लेथवरून हात फिरवायचा आणि मगच खुर्चीत बसायचा. गाळा गेला तर हे काय नुसते घरातल्या भिंतीकडं तोंड करून बसणार, त्या पाटीसारखे? मी म्हटलं, "मी शिकते ड्रॉइंग."

मिस्टर हसले. "तुला स्क्रू आणि बोल्टातला फरक तरी कळतो का?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. खरं सांगायचं तर कळत नव्हता, म्हणून तर जास्त झाला! मी बागलाणातल्या नामपूरची, बी.कॉम. झालेली. लग्नाआधी मशीन म्हणजे मला शिलाईचं आणि कांद्याच्या मार्केटातला वजनकाटा, एवढीच माहीत. पण माझ्या नाकावर कुणी माशी बसवली की मी उठते. दुसऱ्या दिवशी सिडकोत एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या कॉम्प्युटर ड्रॉइंगच्या क्लासला नाव घातलं.

वर्गात सगळी डिप्लोमाची पोरं. मला काकू म्हणायची. पहिल्याच दिवशी मी माऊसचं चाक फिरवलं आणि पडद्यावरचा पार्ट गायब! "अगं बाई, गेला कुठं?" मी ओरडलेच. शिकवणारी मुलगी माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. ती म्हणाली, "काकू, तो आहे तिथंच. तुम्ही लांब गेलात." सगळा वर्ग हसला. तिचे मी उपकार मानते, कारण नंतर मी दहादा तीच चूक केली तरी ती एकदाही माझ्यावर चिडली नाही. मी तिच्या जागी असते तर डस्टर फेकून मारलं असतं.

तिनं मला शाफ्ट काढायला शिकवलं. शाफ्ट म्हणजे फिरणारा लोखंडी दांडा, कुठं जाड, कुठं बारीक; जिथं एकदम जाड होतो तो त्याचा खांदा. त्याचा फक्त अर्धा उभा आकार रेघांनी काढायचा, मधली रेघ दाखवायची आणि एक बटण दाबायचं. आकार स्वतःभोवती फिरतो आणि समोर अख्खा गोल शाफ्ट तयार! पहिल्यांदा तो तयार झाला तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं. मिस्टर म्हणाले, "बरं, येताना कोथिंबीर आण."

क्लासच्या पुस्तकात प्रत्येक पार्टची मापं छापलेली असतात. आमच्या गाळ्यात येणाऱ्या पार्टवर मापं नसतात, चिखल असतो. हे मला गणपतीच्या दिवसांत कळलं.

सायखेड्याच्या एका बागायतदारानं ब्लोअरचा शाफ्ट आणला. सहा नग पाहिजे होते, त्याचे आणि भाऊबंदांचे. मी तो धुतला, पुसला, मायक्रोमीटर लावून जागोजागी मोजला आणि आकडान् आकडा घालून मॉडेल केलं. इतकं हुबेहूब, की मीच माझ्यावर खूश. सीएनसीवाल्यांनी ड्रॉइंगबरहुकूम सहा शाफ्ट काढून दिले. शाफ्टवर बेअरिंग, म्हणजे छर्ऱ्यांचं लोखंडी कडं, बसवायचं तर ते ठोकून, घट्ट बसवावं लागतं. माझ्या शाफ्टवर ते बांगडीसारखं घसरत गेलं. सहाच्या सहा तसेच.

मिस्टर नुसते शटरमागच्या त्या पाटीकडं बघून आले. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मामांनी एक शाफ्ट मागितला. कानाशी धरला आणि बेअरिंग हलवून बघितलं. "खुळखुळा केला का वं?" ते म्हणाले. मग नमुना मागितला, दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि हसायलाच लागले. "बागलाणी, तू तर म्हातारा शाफ्ट जन्माला घातला!"

"असाच्या असा काढलाय," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"तेच तर. झिजलेला व्हता, तू झिजलेलाच काढला. गिऱ्हाईक असाच्या असा म्हनतं, तव्हा त्याला जसा नवा व्हता तसा पायजेल असतो." त्यांनी माझा हात धरला आणि माझ्या बोटाचं नख शाफ्टवर ठेवलं. "फिरव हळूहळू. अडकलं?"

अडकलं. डोळ्यांना न दिसणारी, केसाएवढी पायरी होती तिथं.

"हां. नख अडकतं तिथून झीज सुरू. अलीकडं मोज, पलीकडं नाय. आन् बेअरिंगचा नंबर बघ."

नंबर होता बासष्ट-शून्य-पाच. "शेवटच्या पाचाला पाचानं गुण," मामा म्हणाले. पंचवीस. बेअरिंगचं भोक पंचवीस मिलिमीटरचं. मी लिहिलं होतं चोवीस पूर्णांक ब्याऐंशी. नखाच्या अलीकडं मायक्रोमीटर लावला तर पंचवीसच्या वर दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग आला. अगदी घट्ट बसायला लागतं तेवढंच. मी कपाळावर हात मारला. अहो, जे माप मला हवं होतं ते त्या शाफ्टवर बोटभर रुंदीत सांभाळून ठेवलेलं होतं, आणि मी बरोबर त्याच्या शेजारी मोजत बसले होते.

त्या दिवसापासून आमची शाळा भरायला लागली. दुपारी जेवणं झाली की मी कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि मामा शेजारी, नमुना मांडीवर घेऊन. कॉम्प्युटरला ते टीव्ही म्हणायचे. "लाव तुझा टीव्ही." मी मोठ्यानं बोलत काढायचे, "डावीकडून सुरू. पंचवीस व्यास, अठरा लांब." त्यांचा अंगठा नमुन्यावरून तेवढाच पुढं सरकायचा. "पुढं." "आता खांदा, बत्तीस." "थांब. खांद्याच्या मुळाशी गोलाई हाय, एका मिलिमीटरची. घातली? पुढं." एखादी पायरी मी विसरले की अंगठा थांबायचा आणि ते म्हणायचे, "काय वं, उडी मारली का?" मला पडद्यावर जे दिसायचं ते त्यांना बोटाला लागायचं. कधी कधी मला वाटायचं, ह्यांचंच चित्र जास्त स्पष्ट आहे.

मी चिडायचे, हे लपवण्यात अर्थ नाही. एकदा पंख्याच्या मधल्या हबवर चौथ्यांदा 'थांब' आल्यावर मी माऊस आपटला. मामा शांतपणे म्हणाले, "आपट. आमी बी पाने आपटायचो. पर पाना स्वस्त व्हता."

सायखेड्याच्या माणसाला सहा नवे शाफ्ट दिले. त्यानं बेअरिंग ठोकून बघितलं आणि दुसरी पिशवी टेबलावर ठेवली. आमच्या धंद्यात ह्याहून मोठी शाबासकी नसते. मग कामं येत गेली. मामांनी भिंतीवर टांगून ठेवलेले जुने नमुने उतरवून त्यांचीही मॉडेल्स झाली. मामांच्या अंगठ्यातलं एकेक माप आता फाइलमध्ये नावानिशी बसलं.

नवरात्रात पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसचा माणूस आला. कांदा निवडायच्या मशीनला नवे, लांब रोलर टाकायचे होते. बारा शाफ्ट, आणि ते जमले तर त्यांच्या सगळ्या मशीनचं काम. मिस्टरांचा चेहरा उजळला. पण त्या शाफ्टला नमुना नव्हता. नवीनच डिझाइन, नुसत्या हातानं लिहिलेल्या मापांचा कागद. मी मामांना सांगितलं तर ते खुर्चीत मागं टेकले. "नमुना नाय, मंग मला काय कळनार? तूच बघ आता." आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. ज्या दिवसासाठी मी शिकले, तोच दिवस त्यांना बाजूला सारत होता.

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. मग डोक्यात आलं ते मी सीएनसीच्या पोराला सांगितलं. शाफ्टचं जे टोक बेअरिंगमध्ये बसतं, त्याचं ड्रॉइंग पाचपट मोठं करून अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर कोरून दे. प्रत्येक रेघ खोल, बोटाला लागेल अशी. तो म्हणाला, "काकू, हे कशाला?" मी म्हटलं, "तपासायला."

खंडेनवमीला गाळा धुतला. झाडताना मिस्टरांनी शटरमागची ती पाटी उचलली आणि थोरल्या लेथखाली, तेल गळतं तिथं सरकवून दिली. मामांनी चाचपत लेथला, पान्यांना, मायक्रोमीटरला हळदकुंकू लावलं, मी हात धरून नेत होते. झेंडू वाहिले. माझ्या कॉम्प्युटरला मी काही लावलं नव्हतं. त्यांच्या हत्यारांच्या पंगतीत माझा माऊस ठेवायची लाज वाटली.

पूजा झाल्यावर मी तो पत्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. "काय शे हे?" त्यांनी माझ्या माहेरच्या बोलीत चेष्टेनं विचारलं. मी म्हटलं, "माझं ड्रॉइंग आहे. बघा."

त्यांनी पत्रा सरळ केला. मग दोन्ही हातांच्या बोटांनी डावीकडून सुरुवात केली. रेघेवरून रेघेवर, सावकाश. एकदा संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मला वाटलं, आता म्हणतील, छान हाय पोरी. अंगठा खांद्याशी थांबला.

"गोलाई कुठं हाय?"

"कसली?"

"खांद्याच्या मुळाशी. कोपरा नुसता चाकूवानी काढला. लोड आला का इथूनच मोडंल शाफ्ट. बाराच्या बारा."

ती गोलाई दरवेळी मामाच सांगायचे. मी ती कधी लक्षातच ठेवली नव्हती. दोन दिवसांनी ते ड्रॉइंग मशीनवर चढणार होतं.

मी ताडकन उठले. "आत्ता करते दुरुस्त, दोन मिनिटांचं काम."

मामांची काठी माझ्यासमोर आडवी आली. "कुठं चालली? खंडेनवमी हाय. आज हत्याराला हात लावायचा नाय."

"पण मामा, तो तर तुमचा टीव्ही!"

"हत्यार हाय ते," मामा रागावले. "आन् त्याला कुंकू नाय लावलं? शिकलेल्या मानसाला एवढं कळू नये? आन इकडं."

मी माऊस आणला. त्यांनी तो चाचपला, बटणं कुठं आहेत ते बघितलं आणि बोटानं हळदकुंकू लावून मायक्रोमीटरशेजारी ठेवला. "उद्या दसऱ्याला पैलं काम त्या गोलाईचंच कर," ते म्हणाले. त्यांचा एक हात अजून पत्र्यावरच होता. "बाकी बरोबर हाय. रेघ स्वच्छ हाय तुझी."

मी नुसतं नाक ओढलं. मामांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं आणि कान टवकारले.

"हसती का रडती वं? सांग की, मला दिसत नाय."

"दोन्ही, मामा," मी म्हटलं, आणि ताटातला एक पेढा उचलून त्यांच्या हातावर अर्धाच ठेवला, शुगर आहे म्हणून.