रेल्वे आल्यावर नोकरी

माझं लग्न नवऱ्याशी झालं की रेल्वेशी, हे पहिलं वर्षभर मला नीटसं कळलं नव्हतं. बैठकीत मुलाबद्दल चार वाक्यं झाली: पंचायत समितीत कारकून, निर्व्यसनी, सावळा, भावंडांत धाकटा. रेल्वेबद्दल मात्र तासभर बोलणं झालं. मी तेव्हा कोल्हापुरात शाळेत शिकवत होते, आणि लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, एवढी एकच अट वडिलांमार्फत घातली होती. होणारे सासरे मलकापूरचे, भाताच्या गिरणीचे मालक. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"करू दे की नोकरी! आमी कुठं नगो म्हणतोय? दोन वर्सांत रेल्वे दारात येतीया. सकाळच्या गाडीनं पोरगी जाईल, सांजच्या गाडीनं माघारी येईल. सर्वे झालाय, दगड रोवलाय."

हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे, तसं माझ्या वडिलांचं झालं. तरी त्यांना दोष देत नाही. मिरजेहून येणारी अरुंद लाइन नुकतीच रुंद झाली होती. रूळ रुंद होतात तर लांबही होतीलच, असा तेव्हा सगळ्या जिल्ह्याचाच समज होता. प्रत्यक्षात रूळ कोल्हापूरच्या स्टेशनात संपत होते, आणि तिथून मलकापूर एस्टीने दोन तासांवर.

शाळेच्या मोठ्या बाईंनी मला वर्षभराची बिनपगारी रजा दिली. "संसार लावून ये," म्हणाल्या. संसार आठ दिवसांत लागला. उरलेलं वर्ष मी रेल्वेची वाट बघत बसले.

सर्वेचा दगड गिरणीमागच्या शेतात होता. सासूबाई येता-जाता त्याला हळदकुंकू वाहत. दसऱ्याला गिरणीच्या इंजिनाला हार घातला, तसा दगडालाही घातला. मामंजींनी तर गिरणीला मागच्या बाजूने एक मोठं दार पाडून घेतलं होतं, कारण पोती थेट मालगाडीत चढवायची होती. त्या दारातून वर्षभरात फक्त शेजाऱ्यांच्या शेळ्या आत आल्या.

शिवाय मामंजी रेल्वेच्या मागणीसाठी काढलेल्या कमिटीचे सभासद होते. त्यांच्याकडे शाळेच्या नकाशावर पेन्सिलीने काढलेलं रेल्वेचं जाळं होतं. मलकापूर ते कोल्हापूर, तिथून शिरोळ, मग दत्ताच्या दर्शनाला नृसिंहवाडीचा फाटा. दर अर्ध्या तासाला गाडी. मामंजी तर गाड्यांचं क्रॉसिंग कुठे होणार, यावरही घराच्या पुढच्या सोप्यात बसून भांडत. नुसत्या पेन्सिलीने काम भागत असल्यामुळे महिन्याला एखादा फाटा वाढायचा.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मामंजी, रेल्वे येईपर्यंत मी एस्टीनं जाते."

"एस्टीनं? आमच्या घरची सून एस्टीत धक्के खात जानार? लोक शेन घालतील तोंडात. रेल्वेची गोष्ट येगळी. बायकांचा डबा सोतंत्र असतोय."

आमच्या ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "दादांना विचार." दादा म्हणजे मामंजीच; त्यांना विचारूनच तर मी ह्यांच्याकडे आले होते.

मे महिन्यात मोठ्या बाईंचं पत्र आलं. शाळा उघडेल त्या दिवशी हजर झाला नाहीत, तर जागा दुसऱ्या बाईंना द्यावी लागेल. मला आता थांबता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी ते मामंजींना वाचून दाखवलं. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाईस्नी कळव, सर्वे पुन्ना होनार हाय. एवडा पावसाळा जाऊ दे."

मी पत्राची घडी घातली. वर्गातली पोरं, फळा, माझ्या नावाची सही, सगळं एका दगडापायी हातचं जाणार होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. आणि त्या संतापातच एक साधी गोष्ट ध्यानात आली. मामंजी दर महिन्याला कमिटीच्या बैठकीला कोल्हापूरला जातात, ते कशाने? सकाळी साडेसहाच्या एस्टीने. साडेआठला पोचतात. माझी शाळा अकराची.

शाळा उघडायच्या दिवशीच बैठक होती. पहाटे मी भाकऱ्या थापल्या, इस्त्रीचं पातळ नेसले. हे परड्यातून तोंड धुऊन आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "डबा घेतलास?" नवरा म्हणून त्या माणसाने वर्षभरात केलेलं हे सगळ्यात मोठं धाडस.

स्टँडवर मामंजी आधीच एस्टीत बसले होते, मागे कमिटीतले तिघे. मी चढले आणि सरळ त्यांच्या शेजारी बसले. ते एकदम अंग चोरून खिडकीकडे सरकले.

"कुटं?" त्यांनी हळूच विचारलं.

"शाळेत. आज गेले नाही तर नोकरी जाईल."

"घरला जा."

"नाही जाणार."

सासऱ्याला तोंडावर 'नाही' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. तेवढ्यात मागून एकाने मान पुढे काढली.

"काय मालक, सूनबाईस्नी घेऊन कुनीकडं?"

एस्टी सुरू झाली, खडखडत स्टँडच्या बाहेर पडली. आता मामंजी चारचौघांत मला उतरवतात की काय, म्हणून मी डब्याची पिशवी घट्ट धरली. मग त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मास्तरीन हाय ती. आज शाळा उगडतीया. रेल्वे येईस्तवर नोकरी थांबती व्हय रं?"

हेच मी वर्षभर सांगत होते. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि तरी इतकं बरं वाटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. कंडक्टर आला. मामंजींनी माझ्याकडे न बघताच सांगितलं,

"दोन कोल्हापूर."